देवळातला मुक्काम आणि राळेगणसिद्धी

देवस्थानाच्या आसऱ्याने रात्र काढण्याची रीत पारनेर-जुन्नरच्या पट्ट्यात दोन हजार वर्षांची आहे. जुन्नरभोवतीच्या लेण्याद्री, तुळजा, मानमोडी या डोंगरांत बौद्ध भिक्खूंसाठी विहार कोरले गेले. नाणेघाटातून कोकणातल्या बंदरांकडे जाणारी वाट जवळच होती आणि ही लेणी दानातून उभी राहिली. पावसाळ्यात भिक्खूंनी एका जागी राहावे असा नियम होता. विहारातल्या खोल्या आणि त्यांतले दगडी ओटे या वर्षावासात कामी येत.

पुढे ही जबाबदारी मठ, मंदिरे आणि धर्मशाळांकडे आली. मोठ्या देवळांच्या आवारात कोटाला लागून ओवऱ्या असत. वाटसरूने तिथे पथारी टाकावी, बरोबरचा शिधा तीन दगडांच्या चुलीवर शिजवावा आणि पहाटे वाटेला लागावे. पारनेरच्याच जिल्ह्यातल्या चौंडीत १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांनी ही सोय देशभरच्या तीर्थांवर करून दिली. पारनेर तालुक्यातल्या पिंपळनेरला संत निळोबारायांची समाधी आहे. आषाढीला पंढरपूरला पायी जाणारे वारकरी आजही वाटेवरच्या देवळांत आणि शाळांत उतरतात.

   पारनेर तालुक्यातल्याच राळेगणसिद्धीत संत यादवबाबांच्या मंदिराची मात्र दैना झाली; त्याला कारण दुष्काळ आणि दारू.

वर्षाला जेमतेम चारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस, त्यातलाही बराच वाहून जाणारा. शेती पिकेना, तेव्हा गावात दारूच्या भट्ट्या पेटल्या आणि त्यांच्या सरपणात मंदिराचे लाकूडही गेले. १९७५ मध्ये सैन्यातून परतलेल्या अण्णा हजारे यांनी निवृत्तीच्या पैशांतून मंदिराची दुरुस्ती सुरू केली. गावकऱ्यांनी श्रमदान केले. अण्णा मंदिरालगतच्या लहानशा खोलीत राहू लागले आणि गावाचा राबता पुन्हा तिथे सुरू झाला.

यातली महत्त्वाची गोष्ट बांधकामाची नव्हे. गावाच्या बैठका मंदिरात भरू लागल्या आणि दारूबंदीचा निर्णयही तिथेच झाला. देवासमोर दिलेला शब्द मोडणे गावाला जड जाई, हे या निर्णयाचे खरे बळ. त्याला एक कठोर बाजूही होती: ऐकत नसलेल्या दारुड्यांना खांबाला बांधून फटके दिले जात. त्या शिक्षेचे समर्थन करता येत नाही. दारूबंदीबरोबर पाण्याचेही काम सुरू झाले; त्यासाठी पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी केलेले पाणी पंचायतीचे काम समोर होते. राळेगणमध्ये नाला बांध, पाझर तलाव, झाडे झाली. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी आली. अडीनडीला धान्य उसने देणारी धान्य बँकही उभी राहिली.

१९९२ मध्ये राज्याने आदर्श गाव योजना आखली तेव्हा नमुना राळेगणचाच होता. सरपंच, शेतकरी, विद्यार्थी यांचे जथे पाणलोटाची कामे पाहायला येऊ लागले आणि त्यांच्या प्रशिक्षणाची व राहण्याची व्यवस्था गावातच झाली. पूर्वी वाटसरू देवळात थांबे तो पुढच्या गावी जाण्यासाठी. हे पाहुणे शिकण्यासाठी थांबतात.

जिथे माणसांचा वावर राहतो ते देऊळ टिकते. गावोगावच्या जीर्णोद्धार समित्यांनी शिखराला रंग देण्याआधी पडक्या ओवऱ्यांची डागडुजी करावी आणि तिथे पाहुण्याला पाठ टेकता येईल एवढी जागा ठेवावी.