नांव गांठींचें, मूळ संप्रेरकांचें

१९३५ सालीं शिकागो येथील स्टाइन व लेव्हेंथल या डॉक्टरांनीं सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांचे अंडाशय मोठे होऊन बारीक गांठींनीं भरले होते. अंडाशयाचा तुकडा कापून काढतांच सर्वांची पाळी नियमित झाली. दोघींना गर्भही राहिला. साहजिकच दोष गांठींवर आला, आणि 'पॉलिसिस्टिक ओव्हरी' हें नांव रूढ झालें.

परंतु १९५८ सालीं अशा कांहीं स्त्रियांच्या मूत्रांत ल्यूटिनायझिंग हॉर्मोन अधिक आढळलें. मेंदूखालच्या पीयूष ग्रंथींतलें हें संप्रेरक वाढलें, कीं अंडाशयांत पुरुषी संप्रेरकें वाढतात. इन्सुलिन त्यांत भर घालतें. मग बीज पक्व होत नाहीं. त्या 'गांठी' म्हणजे अर्ध्यावर थांबलेले बीजकोशच होत!

अपत्य नाहीं म्हणून सुनेस बोल लावण्यापूर्वीं हा इतिहास आठवावा.