पुण्याची हिरवी रेषा



चाकणच्या एका कारखान्यांत पाळी करणारा माझा एक जुना विद्यार्थी गेल्या माघांत घरीं आला आणि त्यानें माझ्यापुढें मृग नक्षत्रांतील तेजोमेघाचें छायाचित्र ठेविलें. पिंपरींतील आपल्या गच्चीवरून तें घेतलें, असें तो म्हणाला, तेव्हां खोटें बोलूं नकोस म्हणून मीं त्यास शाळेंतल्याप्रमाणेंच बजाविलें. ज्या गच्चीवरून बाणाचे तीन तारे कसेबसे दिसतात, तेथून हा लाल-हिरवा ढग दिसावा कसा? पण तो खरें बोलत होता. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर; त्याची युक्ति समजून घेतां घेतां मी पुण्यांतल्याच एका बंद पडलेल्या वेधशाळेच्या दाराशीं येऊन पोहोंचलों. तीच हकीकत आज सांगावयाची आहे.

सन १८८२ मध्यें भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनीं मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजला पांच हजार रुपयांची देणगी दिली व मुंबई सरकारनें तितकीच भर घातली. त्यांतून पुढें पुण्यांत महाराजांच्या नांवाची वेधशाळा उभी राहिली. तिचे चालक कावसजी दादाभाई नायगमवाला हे कॉलेजांतील अध्यापक होत. त्यांची २० इंच व्यासाची परावर्तक दुर्बीण पुढें कित्येक दशकें हिंदुस्थानांतील सर्वांत मोठी दुर्बीण होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठीं याच नायगमवालांनीं सोलापूर जिल्ह्यांत जेऊर येथें तळ दिला होता.

परंतु आपल्या विषयाशीं संबंध आहे तो त्यांच्या १८९१ मधील कामाचा. मृगाच्या तेजोमेघाचा प्रकाश वर्णपटदर्शकांतून पाहिला असतां त्यांत एक ठळक हिरवी रेषा दिसते. ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा अवशेष आहे, असें लॉकियर या नामांकित इंग्रज ज्योतिषाचें मत होतें. नायगमवालांनीं पुण्याहून वेध घेऊन दाखविलें कीं, ही रेषा कोणत्याहि स्थितींत बारीक व रेखीवच राहते. ती पट्ट्याची कड नव्हे. मग ती आहे तरी कशाची? याचें उत्तर १९२७ मध्यें अमेरिकेंतील बोवेन यांनीं दिलें: दोन विद्युत्कण गमावलेल्या ऑक्सिजनची. तिची तरंगलांबी सुमारें ५०१ नॅनोमीटर आहे.

हा आंकडा ध्यानांत असूं द्यावा. माझ्या विद्यार्थ्याची सारी करामत त्यावर उभी आहे.

आतां पिंपरीकडे वळूं. १९५४ मध्यें तेथें पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला. १९६२ नंतर औद्योगिक वसाहत पसरली, १९८२ मध्यें महानगरपालिका झाली आणि मग चाकणपर्यंत दिव्यांची रांगच लागली. दिव्यांनीं लोकांस पोट दिलें, त्यांस मी दोष देणार नाहीं. पण लहानपणीं अंगणांतून दिसणारी आकाशगंगा माझ्या नातीनें अजून पाहिलेली नाहीं. पूर्वींचे पिवळे सोडियमचे दिवे मुख्यतः ५८९ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश देत. तेवढा गाळला कीं बरेंच भागत असे. नवे पांढरे एलईडी दिवे बहुतेक सर्व रंग उधळतात.

तेव्हां वाईट तें गाळण्याऐवजीं चांगलें तेवढेंच वेचावयाचें! विद्यार्थ्यानें एक जुना डिजिटल कॅमेरा दुसऱ्या हातचा घेतला. अशा कॅमेऱ्यांत प्रकाशग्राही तुकड्यापुढें एक कांच असते. ती अवरक्त प्रकाशाबरोबर हायड्रोजनच्या ६५६ नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाचाहि मोठा भाग अडविते, आणि तेजोमेघांची लाली तर त्याच प्रकाशाची. त्यानें ती कांच काढून टाकली. (त्यामुळें दिवसा काढलेलीं माणसें तांबडीं दिसतात, हा भाग वेगळा.) नंतर पुढें एक गाळणी बसविली, तिच्यांतून दोनच अरुंद फटींतून प्रकाश येतो, एक हायड्रोजनची लाल आणि दुसरी नायगमवालांची हिरवी. दिव्यांचा बहुतेक उजेड बाहेरच राहतो.

उरलें काम चिकाटीचें. तेजोमेघाचें पहिलें छायाचित्र न्यूयॉर्कजवळ हेन्री ड्रेपर यांनीं ३० सप्टेंबर १८८० रोजीं ५१ मिनिटें एकच कांच उघडी ठेवून घेतलें. तेंहि याच तेजोमेघाचें. या मुलानें ताऱ्यांमागें फिरणाऱ्या यंत्रावर कॅमेरा ठेवून एकेक मिनिटाचीं २२५ चित्रें घेतलीं व गणकयंत्रावर त्यांची सरासरी काढली. तेजोमेघ प्रत्येक चित्रांत तोच, करकर मात्र दर वेळीं निराळी. म्हणून ती २२५ च्या वर्गमुळाच्या प्रमाणांत, म्हणजे पंधरा पटींनीं घटते.

ही युक्ति सर्वत्र चालत नाहीं. देवयानींतील दीर्घिका ताऱ्यांचीच बनलेली. ती सर्व रंगांत प्रकाशते. गाळणी लावली तर तीच बहुतेक गळून जाते. तिच्यासाठीं त्यास सुटीच्या रात्रीं चाकण मागें टाकून जुन्नरच्या बाजूस जावें लागतें. आयुकानेंहि आपली दोन मीटरची दुर्बीण २००६ मध्यें त्याच बाजूस गिरावली येथें उभारली आहे.

नायगमवाला निवृत्त झाल्यावर १९१२ मध्यें पुण्याची वेधशाळा बंद झाली व दुर्बीण कोडाईकॅनालला गेली. हें ऐकून मुलगा बराच वेळ गप्प बसला. येत्या मार्गशीर्षांत केवळ त्या हिरव्या रेषेंत मृगाचें चित्र घेण्याचें त्यानें ठरविलें आहे. गच्चीवर मलाहि बोलाविलें आहे; घोंगडी मात्र माझी मीच न्यावयाची आहे.