तुर्की टोपी आणि उस्मानी सल्तनत

वीर, महाड, पोलादपूरकडच्या मुस्लिम घरांत जुने फोटो निघाले की एखाद्या आज्या-पणज्याच्या डोक्यावर गोंड्याची तुर्की टोपी बरेचदा दिसते. सावित्रीकाठी भातशेती करणाऱ्या किंवा बोटीवर नोकरी केलेल्या माणसाच्या डोक्यावर ही टोपी कशी आली, याचा विचार आपण फारसा करत नाही.

गंमत म्हणजे ही टोपी मूळची तुर्कांची नव्हेच. तिचे नाव मोरोक्कोतल्या फेझ शहराशी जोडलेले आहे. सुलतान महमूद दुसरा याने 1829 साली ती सरकारी नोकरांना सक्तीची केली. त्याआधी पगडीवरून माणसाचा धर्म आणि दर्जा ओळखू येई. मुसलमान, ख्रिस्ती, यहुदी अशा सर्वांच्या डोक्यावर एकच टोपी असावी, असा सुलतानाचा हेतू होता. नाना कौमांना एका छत्राखाली कसे ठेवायचे, हाच उस्मानी सल्तनतीचा सहाशे वर्षांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर सापडले तोवर ती वाढली, सुटले तेव्हा ती मोडली.

1300 च्या सुमारास अनातोलियाच्या वायव्य कोपऱ्यात उस्मान नावाच्या तुर्क सरदाराची लहानशी जहागीर होती. 1453 मध्ये त्याच्या वंशातल्या एकवीस वर्षांच्या मुहम्मद फातेहने कॉन्स्टँटिनोपल जिंकले. 1517 मध्ये सलीमने इजिप्त घेतला. सुलेमानच्या काळात (1520–1566) हंगेरीपासून येमेनपर्यंत आणि अल्जीरियापासून बगदादपर्यंत त्यांची सत्ता पोहोचली. तुर्क, अरब, कुर्द, ग्रीक, सर्ब, अल्बेनियन, आर्मेनियन, यहुदी असे सगळेच तिची रयत होते.

हे केवळ तलवारीने झाले नाही. प्रत्येक धर्माच्या जमातीला आपली शाळा, आपले धर्मगुरू, आपले विवाह-वारशाचे कायदे चालवण्याची मुभा होती. 1492 मध्ये स्पेनने हाकलून दिलेल्या यहुद्यांना सुलतान बायजीद दुसरा याने आसरा दिला. तीन सुलतानांचा वजीर-ए-आजम राहिलेला सोकुल्लू मेहमेद पाशा बोस्नियातल्या ख्रिस्ती घरात जन्मला होता. अर्थात सारे गोडच होते असे नाही. ख्रिस्ती घरांतली मुले सक्तीने उचलून नेऊन त्यांतूनच जानिसारी फौज आणि अधिकारी तयार केले जात. सोकुल्लू पाशाही याच वाटेने आलेला. बरोबरीचा हक्क रयतेला नव्हता. पण त्या काळच्या युरोपात एवढी जागाही परधर्मीयांना क्वचितच मिळत होती.

या वैभवाची खूण आपल्या दख्खनमध्येही आहे. विजापूरची प्रसिद्ध तोफ ‘मुलूख-ए-मैदान’ 1549 मध्ये अहमदनगरला ओतली गेली, ती एका रूमी उस्तादाच्या हातून. उस्मानी मुलखातून आलेल्यांना इथे ‘रूमी’ म्हणत. निजामशाही दरबारात या कारागिरीला मोठा मान होता.

मग उतरण का लागली? 1683 मध्ये व्हिएन्नाच्या वेढ्यात हार झाली आणि 1699 च्या तहात हंगेरीचा बहुतेक भाग गेला, हे झाले वरवरचे कारण. आतले कारण अधिक महत्त्वाचे आहे. जानिसारी फौज वतनदार बनली आणि सुधारणा करू पाहणाऱ्या सुलतानांनाच तिने तख्तावरून खेचले. इस्तंबूलच्या यहुद्यांचा छापखाना 1493 मध्ये सुरू झाला; पण त्याच शहरात इब्राहीम मुतेफर्रिकाने पहिले तुर्की पुस्तक छापले ते 1729 मध्ये! सव्वादोनशे वर्षे एक कौम छापत होती आणि राज्यकर्ती कौम हाताने नकला करत होती. शिक्षकाला यापेक्षा मोठा पराभव कोणता वाटणार?

सर्व प्रजेला समान हक्क देण्याची घोषणा 1839 आणि 1856 मध्ये झाली, पण तोवर ग्रीस वेगळा झाला होता. 1876 चे संविधान सुलतान अब्दुल हमीदने दोन वर्षांत गुंडाळून ठेवले. 1881 मध्ये कर्जवसुली युरोपीय सावकारांच्या हाती गेली. पुढे तरुण तुर्कांनी तुर्कपणाचाच आग्रह धरला. पहिल्या महायुद्धात 1915 पासून लाखो आर्मेनियन देशोधडीला लागले, मारले गेले. 1916 मध्ये मक्केच्या शरीफाने बंड केले. धर्म एक असूनही अरब आणि तुर्क एकत्र राहिले नाहीत.

याच पडझडीच्या वेळी, 1919 मध्ये, मुंबईत खिलाफत कमिटी उभी राहिली. गांधीजी आणि अली बंधू एका व्यासपीठावर आले, बायकांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले. हिंदू-मुस्लिम एकीचे ते दिवस खरे होते, त्यागही खरा होता. पण 3 मार्च 1924 रोजी खिलाफत बरखास्त केली ती अंकाराच्या तुर्की संसदेने. 1925 मध्ये तुर्कस्तानात त्या टोपीवरही बंदी आली. कोकणात मात्र ती डोक्यावर राहिली.

आज आपल्या मुलांना उर्दूत आलेल्या तुर्की मालिकेमुळे अर्तुग्रुल ठाऊक असतो, मुतेफर्रिका ठाऊक नसतो. वर्गात अर्तुग्रुलच्या तलवारीचा विषय निघाला की मी छापखान्याची गोष्ट सांगतो. सल्तनतीचा अभिमान धरायचा तर तिने परक्यांना दिलेल्या जागेचाही धरावा, आणि तिच्या उशिराचा हिशोबही मांडावा.

शेवटचा खलिफा अब्दुल मजीद दुसरा हद्दपारीत फ्रान्समध्ये राहिला. 1931 मध्ये त्याची मुलगी दुर्रे शहवार हैदराबादच्या निजामाची सून झाली. निजामाच्या राज्यातल्या खुलताबादेत त्याच्यासाठी मकबराही बांधला गेला. 1944 मध्ये तो पॅरिसला वारला आणि दहा वर्षांनी मदीनेत दफन झाला. औरंगजेबाची कबर पाहायला खुलताबादला पुष्कळ लोक जातात. हा मकबरा रिकामाच आहे.