धुरजड आणि उलाळ

माणसाची जात मोठी विचित्र. घरात बसून कंटाळा येतो म्हणून ती प्रवासाला निघते, आणि निघताना गादी, उशी, स्टोव्ह, चहाची किटली असं घरातलं उचलता येईल तेवढं बरोबर घेते. आपल्याकडे हे सारं एका होल्डॉलवर भागायचं. साहेबाने मात्र एके दिवशी विचार केला की, सामान कशाला बांधा? घरच घेऊन जाऊ!

हौसेखातर असं घर घेऊन निघालेल्यांत अग्रपूजेचा मान डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांचा. नौदलातून निवृत्त झालेला हा डॉक्टर मुलांसाठी साहसकथा लिहायचा. त्याने १८८५ साली ब्रिस्टलच्या कारखान्यातून 'वाँडरर' नावाचं चाकांवरचं घर बांधून घेतलं. वजन सुमारे दोन टन, ओढायला दोन घोडे. सोबत गाडीवान, नोकर, कुत्रा आणि एक पोपट. नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्यांना वर्दी द्यायचा. पेशव्यांच्या स्वारीपुढे चोपदार असत, त्यातलाच प्रकार!

पुढे घोडे गेले, मोटारी आल्या. १९१९ साली बर्मिंगहॅमच्या एकल्स कंपनीने मोटारीमागे जोडायची घरं बांधायला घेतली. त्याच साली अटलांटिकपलीकडे, फ्लॉरिडातल्या टँपा गावी, 'टिन कॅन टूरिस्ट्स' नावाची भटक्यांची मंडळी स्थापन झाली. मोटारीच्या रेडिएटरवर टिनचा रिकामा डबा लावायचा, ही त्यांची खूण. म्हणजे दोन्ही खंडांनी श्रीगणेशा एकाच वर्षी गिरवला म्हणायचा. पण पुढची अक्षरं दोघांची निराळी.

युरोपात रस्ते अरुंद, पेट्रोल महाग आणि मोटार चिमुकली. त्यामुळे तिथली 'कॅरव्हॅन' हलकी राहिली. अमेरिकेत मोटारी दणकट, अंतरं अफाट. तिथल्या 'ट्रेलर'ला बाळसं धरायला कुणाची आडकाठी नव्हती. १९३० नंतरच्या मंदीत तर कितीतरी जण त्यातच राहू लागले. रॉजर बॅबसन नावाच्या अर्थतज्ज्ञाने त्या दशकात भाकीत केलं की, वीस वर्षांत निम्मी अमेरिका ट्रेलरमध्ये राहील. अर्थतज्ज्ञांची भाकितं आपल्या वेधशाळेच्या वळणावर जातात, हे तिथेही सिद्ध झालं. पण १९५६ च्या कायद्यानंतर तिथे महामार्गांचं जाळं विणलं गेलं आणि हे घर ताशी साठ-पासष्ट मैलांनी पळू लागलं. जर्मनीत आजही ते साधारणपणे ताशी ८० किलोमीटरनेच न्यायचं. शंभरने न्यायचं तर वेगळा परवाना, आणि त्यासाठी टायरसुद्धा सहा वर्षांहून कमी वयाचे लागतात.

हे सगळं मला कळायचं कारण म्हणजे माझे दोन भाचे. थोरला म्युनिकजवळ, धाकटा टेक्सासात. दोघांकडेही चाकांवरचं घर, आणि दोघांचंही ठाम मत की दुसरा अडाणी आहे.

वाद एकाच गोष्टीचा. मागच्या घराने पुढच्या मोटारीच्या शेपटीवर किती भार टाकावा? यासाठी इंग्रजीत काय काय शब्द आहेत ते असोत. आपल्याकडे बैलगाडीवाल्यांचे दोन अस्सल शब्द आहेत. पुढे भार जास्त झाला, बैलांच्या मानेवर आला, की गाडी 'धुरजड'. मागे जास्त झाला आणि जू वर उचललं गेलं, की गाडी 'उलाळ'. धुरजड गाडीत बैल दमतो. उलाळ गाडीत त्याच्या गळ्याला फास बसतो.

अमेरिकन माणूस मुद्दाम धुरजड हाकतो. घराच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार तो मोटारीवर देतो. तीन टनांचं घर असलं तर तीन-साडेतीनशे किलो! एवढ्याने मोटारीचं बूड बसतं, म्हणून त्यांनी पोलादी कमानींची एक जोडणी काढली. तिच्यामुळे मागचा भार पुढच्या चाकांपर्यंत वाटला जातो. बैलाच्या मानेवरचं ओझं त्याच्या चारही पायांवर वाटून द्यावं, तसं. युरोपियन चार ते सात टक्क्यांवर भागवतो, कारण तिथल्या मोटारीचा जोड सहसा पंच्याहत्तर-शंभर किलोंच्या वर पेलत नाही. त्याच्या बदल्यात तो जड सामान मधोमध, चाकांच्या डोक्यावर ठेवतो आणि बेताने हाकतो. वेग वाढला की डोलणारं घर सावरायच्या ऐवजी जास्तच डोलू लागतं, आणि पुढे भार असला तर ती वेळ उशिरा येते. एवढंच त्यातलं शास्त्र.

ब्रेकचंही तसंच. युरोपात मोटार थांबू लागली की मागचं घर तिला ढकलतं, आणि त्या ढकलण्यानेच घराचे ब्रेक लागतात. सुनेने हात आखडला की सासूने आपोआप गप्प व्हावं, अशी ही आदर्श व्यवस्था. अमेरिकेत ब्रेक विजेवर चालतात, आणि नुसत्या घराचे ब्रेक लावण्याचा एक खटका चालकाच्या हाताशी असतो.

जोडाचा गोळा युरोपात पन्नास मिलिमीटरचा. अमेरिकेतला नेहमीचा दोन इंची, म्हणजे ५०.८. भावकीतले तंटे याहून मोठ्या फरकावरून होत नाहीत.

तर एका उन्हाळ्यात थोरला टेक्सासात गेला. मीही तिथेच होतो. निघायच्या आदल्या दिवशी त्याने ट्रेलरभोवती प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, "अरे, पुढे केवढा भार! शंभर किलो पुरे." मग पुढच्या पेटीतली हत्यारं, पाण्याचे कॅन, सगळं मागे गेलं. दोन सायकली मागच्या बंपरवर चढल्या. धाकटा म्हणाला, "दादा, इथं असं नाही चालत." दादा म्हणाला, "फिजिक्स इथं वेगळं आहे काय?" आमच्या घरात थोरल्यापुढे दोनदा बोलायची पद्धत नाही.

फिजिक्स वेगळं नव्हतंच. शंभर किलो हे दीड टनाच्या कॅरव्हॅनचं माप; समोर उभं होतं जवळजवळ तीन टनांचं धूड. टक्केवारी काढली असती तर ते युरोपच्या हिशेबातही बसलं नसतं. आमची गाडी चक्क उलाळ झाली होती.

पासष्ट मैलांच्या वेगात एक भला मोठा ट्रक शेजारून गेला. त्याच्या वाऱ्याने मागचं घर हललं. आधी जरासं, मग जास्त, मग आमच्या मोटारीचं बूड डावी-उजवीकडे झोके घेऊ लागलं. "ब्रेक दाब!" थोरला ओरडला. धाकट्याने पायाच्या ब्रेकला स्पर्शही केला नाही. सुकाणू सरळ धरलं, पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला आणि हाताने तो खटका सरकवला. घराने मागून आम्हाला खेचून धरलं, दोन-तीन झोके घेतले आणि ते सरळ झालं. मागच्या सीटवर धाकट्याची दोन्ही पोरं झोपलेली होती. ती उठलीसुद्धा नाहीत.

पुढच्या विश्रांतीच्या जागी थोरला एक अक्षर न बोलता उतरला आणि मागचे पाण्याचे कॅन एकेक करून पुढे वाहू लागला. धाकटा सायकली सोडवत होता. "किती हवा रे पुढे?" थोरल्याने विचारलं. "तीनशे," धाकटा म्हणाला. "किलो की पौंड?" थोरल्याने विचारलं, आणि कॅन खाली ठेवून उत्तराची वाट बघत उभा राहिला.