रखमाबाईंचा नकार

मुंबईच्या हायकोर्टांत १८८५ च्या सप्टेंबर महिन्यांत न्यायमूर्ति पिन्ही यांच्यापुढें एक दावा चालला. वादी दादाजी भिकाजी, प्रतिवादी त्यांची धर्मपत्नी रखमाबाई. मागणी एवढीच, कीं बायकोनें नांदावयास यावें. असलीं प्रकरणें ज्ञातीच्या पंचांपुढें नित्य येत आणि बहुधा तेथेंच मिटत. हें प्रकरण मात्र तीन वर्षें चाललें, विलायतेच्या वृत्तपत्रांपर्यंत पोंचलें आणि त्यानें येथील सुशिक्षितांत उघड दोन तट पाडले. बावीस वर्षांच्याही आंतील एक स्त्री भर कोर्टांत सांगत होती, कीं जें लग्न आपल्या अजाण वयांत, आपल्या संमतीवांचून लागलें, तें आपण पाळणार नाहीं.

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा. त्या अगदीं लहान असतांनाच वडील जनार्दन पांडुरंग वारले. सुतार ज्ञातींत विधवेच्या पुनर्विवाहास मोकळीक असल्यामुळें आई जयंतीबाई यांनीं पुढें डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशीं लग्न केलें, आणि पहिल्या पतीची मालमत्ता मुलीच्या नांवें करून दिली. डॉक्टर हे वनस्पतिशास्त्राचे जाणते. १८८३ सालीं मुंबईंत निघालेल्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. अशा विद्वान् गृहस्थाच्या घरींही मुलीचें लग्न अकराव्या वर्षींच उरकलें गेलें. चाल मोडण्याचें बळ विद्येपाशीं असतेंच असें नाहीं!

वर डॉक्टरांच्याच नात्यांतला. त्यानें घरजांवई होऊन राहावें व शिकून शहाणें व्हावें, असा करार होता. पण दादाजींचें मन अभ्यासांत रमलें नाहीं. ते मामाच्या बिऱ्हाडीं जाऊन राहिले. इकडे मुलगी वयांत येतांच तिला पतीच्या स्वाधीन करावें, अशी नातलगांची अपेक्षा. डॉक्टरांनीं ती मानली नाहीं. कोवळ्या वयांतील मातृत्वानें काय होतें, हें वैद्याला सांगावयास नको होतें. त्यामुळें रखमाबाई माहेरींच राहिल्या. फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयांतून पुस्तकें आणून त्यांनीं घरांतल्या घरांत आपलें इंग्रजी वाढविलें. जसजसें वाचन वाढलें, तसतसा त्या घरीं न जाण्याचा निश्चय पक्का होत गेला.

१८८४ च्या मार्चमध्यें दादाजींनीं वकिलामार्फत नोटीस धाडली. पुढच्या वर्षीं डॉक्टर वारले, म्हणजे ऐन प्रसंगीं घरांतील आधार गेला. त्याच १८८५ सालीं 'टाइम्स ऑफ इंडिया'मध्यें 'एक हिंदु स्त्री' अशा सहीनें पत्रें छापून आलीं. बालविवाहानें मुलीचें शिक्षण कसें खुंटतें, तिचें मन कसें मरतें, याचें त्यांत रोखठोक विवेचन होतें. लिहिणारी रखमाबाईच होती, हें लोकांना मागाहून कळलें.

न्यायमूर्ति पिन्ही यांनीं २१ सप्टेंबर रोजीं दावा फेटाळला. जें सहजीवन कधीं सुरूच झालें नाहीं, तें पुन्हां मिळवून देण्याची मागणी कशी करतां येईल, असा त्यांचा मुद्दा होता. शिवाय त्यांनीं एका गोष्टीवर बोट ठेवलें, तें महत्त्वाचें आहे. बायकोला नांदावयास पाठविण्याचा हुकूम कोर्टाकडून मिळविणें, ही वहिवाट हिंदु धर्मशास्त्रांतली नव्हेच. ती इंग्लंडांतील ख्रिस्ती धर्मन्यायालयांतून इकडे आलेली. आणि खुद्द इंग्लंडांत असा हुकूम न पाळणाऱ्यास तुरुंगांत घालण्याची तरतूद १८८४ सालीं रद्द झालेली होती! म्हणजे ज्या शस्त्राला धर्मरक्षक धर्माचें शस्त्र समजून कवटाळीत होते, तें परक्यांनीं टाकून दिलेलें होतें. या विसंगतीकडे फारच थोड्यांचें लक्ष गेलें.

निकालावर गदारोळ झाला. पुण्याच्या 'मराठा' पत्रांतून लोकमान्य टिळकांनीं कडक टीका केली. परकी सत्तेनें आमच्या विवाहसंस्थेंत हात घालूं नये, ही त्यामागील भूमिका समजण्यासारखी आहे; पण तिच्या भरांत मुख्य प्रश्न, म्हणजे त्या मुलीला काय वाटतें, हा बाजूलाच राहिला. दुसऱ्या बाजूस बेहरामजी मलबारी व प्रिन्सिपॉल वर्ड्सवर्थ यांनीं रखमाबाईंच्या मदतीसाठीं समिति उभारली. त्यांच्या वकिलांत काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. दादाजींनींही आपली बाजू सांगणारें चोपडें प्रसिद्ध केलें. सारा खटाटोप मालमत्तेसाठीं आहे, असा आरोप दोन्हीं पक्षांनीं एकमेकांवर केला.

अपिलांत पिन्ही यांचा निकाल फिरला आणि दावा पुन्हां सुनावणीस आला. ४ मार्च १८८७ रोजीं न्यायमूर्ति फॅरन यांनीं हुकूम दिला, कीं रखमाबाईंनीं महिन्याच्या आंत पतीच्या घरीं जावें. न गेल्यास सहा महिने तुरुंगवास. रखमाबाईंचें उत्तर ठरलेलें होतें. त्यांनीं तुरुंग पत्करला, नांदणें नव्हे. हें बोलणें सोपें नव्हतें. कुलीन घरच्या बाईनें तुरुंगांत जाणें म्हणजे त्या काळीं जिवंतपणीं मरणें, आणि ज्ञातींत तर त्यांच्या कुटुंबाचा छळ चाललाच होता. तुरुंगाची वेळ मात्र आली नाहीं. १८८८ च्या जुलैमध्यें तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनीं हुकुमाची अंमलबजावणी सोडून दिली व पुढें दुसरें लग्न केलें. रखमाबाईंना ती मोकळीक नव्हती. कायद्याच्या दृष्टीनें त्या विवाहितच राहिल्या.

येथवरची कथा पुष्कळांस ठाऊक असते. तिच्या पुढची साठ-पासष्ट वर्षें कमी सांगितलीं जातात. मुंबईच्या कामा हॉस्पिटलांतील डॉ. ईडिथ पीची यांच्या प्रोत्साहनानें रखमाबाई १८८९ सालीं इंग्लंडास गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयांत शिकल्या आणि १८९४ सालीं डॉक्टर झाल्या. परत आल्यावर त्यांना चळवळीचें निशाण होऊन सभांतून मिरवणें सहज शक्य होतें. सुधारकांची तशी अपेक्षाही असावी. त्यांनीं तीही पुरविली नाहीं. सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयांत त्या कामाला लागल्या, आणि वर्षानुवर्षें बाळंतपणें व आजारपणें सांभाळीत राहिल्या. १९१८ सालीं सरकारी स्त्रीवैद्यक सेवेंत जागा देऊं केली असतांही ती नाकारून त्यांनीं राजकोटच्या जनाना रुग्णालयांतील काम पत्करलें. निवृत्तीच्या सुमारास, १९२९ सालीं, पडद्याची चाल मोडावी म्हणून त्यांनीं एक पुस्तिका लिहिली. एवढेंच काय तें जाहीर बोलणें.

एक गोष्ट त्यांच्या चाहत्यांनाही बुचकळ्यांत टाकते. १९०४ सालीं दादाजी वारले, आणि त्यानंतर रखमाबाईंनीं विधवेचा पांढरा वेष धारण केला, असें सांगतात. ज्या पतीला त्यांनीं पति मानलेंच नाहीं, त्याच्यासाठीं वैधव्य कां? कोणी म्हणेल रूढीपुढें शेवटीं मान तुकविली. पण तुरुंगाच्या धाकानें जी बाई हलली नाहीं, ती शेजारणींच्या कुजबुजीनें हलली असेल, हें पटत नाहीं. कदाचित् ज्या रुग्ण बायकांत वावरावयाचें, त्यांना परकें वाटूं नये, एवढाच हेतु असेल. कोर्टांत त्यांनीं स्वतःचीं कारणें सांगितलीं होतीं. या बाबतींत त्यांनीं कोणालाच कारण दिलें नाहीं.

हुकूम मोडणाऱ्या पत्नीला तुरुंगांत घालण्याची तरतूद हिंदुस्थानांतून १९२३ सालीं गेली. हिंदु स्त्रीला घटस्फोटाचा हक्क सर्व देशभर देणारा हिंदु विवाह कायदा १८ मे १९५५ रोजीं अंमलांत आला. सहजीवन पुन्हां मिळवून देण्याचा दावा त्याच कायद्याच्या नवव्या कलमांत आजही शाबूत आहे. रखमाबाई त्याच वर्षीं २५ सप्टेंबर रोजीं मुंबईंत, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं वारल्या.