पाण्याखालचं माहेर

पुण्यात वाढलेल्या माणसाला १२ जुलै १९६१ ही तारीख सांगावी लागत नाही. त्या सकाळी पानशेतचं धरण फुटलं, त्याच दिवशी खालचं खडकवासलाही गेलं आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. त्या पुरावर पुस्तकं निघाली, दरवर्षी जुलैमध्ये लेख येतात, पाणी कुठवर चढलं होतं त्याच्या खुणा लोक अजून दाखवतात. आणि ते योग्यच आहे.

पण धरणाला दोन बाजू असतात. खालच्या बाजूला काय झालं त्याला तारीख आहे, वार आहे, वेळसुद्धा आहे. वरच्या बाजूला जी गावं हळूहळू, एकेक बांध, एकेक उंबरा करत पाण्याखाली गेली, त्यांना तारीख नाही. माझी आई त्या वरच्या बाजूची. म्हणून हा लेख.

आईला स्वतःची जन्मतारीख माहीत नव्हती. तिचं पंचांग वेगळं होतं. "पानशेत फुटलं तवा मी परकर नेसत हुते" हा तिचा जन्माचा दाखला. त्यावरून हिशोब करून आम्ही १९५० धरतो. तिचं माहेर आणि सासर दोन्ही मोसे खोऱ्यातलं. सिंहगडाच्या पलीकडे मोसे आणि अंबी अशा दोन नद्या शेजारशेजारच्या खोऱ्यांतून खाली येतात. अंबीवर पानशेत झालं आणि मोसेवर वरसगाव. ज्या वेल्हे तालुक्याच्या भोवतीचा हा मुलूख, त्याचं नाव आता राजगड झालंय. बाजी पासलकर याच मोसे खोऱ्याचे. वरसगावच्या जलाशयाला त्यांचं नाव दिलंय आणि पानशेतच्या जलाशयाला तानाजीचं. मावळच्या वीरांची नावं पाण्याला मिळाली. पाण्याखालच्या वाड्यांची नावं मात्र आता सत्तरीच्या पुढची माणसंच सांगू शकतात.

तिकडचं जगणं आईनं आम्हाला कामांच्या नावांनी सांगितलं. उन्हाळ्यात राब भाजायचा, म्हणजे पालापाचोळा आणि शेण पसरून भाताच्या रोपांची जागा जाळून घ्यायची. पाऊस लागला की इरलं पाठीवर घेऊन आवणी. उतारावर नाचणी आणि वरई. पहिल्या पावसात खेकडे, मग भारंगी, कुर्डू, तेरं. तिच्या बोलण्यात गरिबी पुष्कळ असायची, श्रावणात कणगी रिकामी झाल्याच्या गोष्टी असायच्या. "लई चांगलं हुतं" असं ती कधी म्हणाली नाही. डोंगर रम्य वाटायला डोंगर उतरून बराच काळ जावा लागतो, तो तिचा गेला नव्हता.

एक गोष्ट मात्र ती पुन्हा पुन्हा सांगायची. सासर ते माहेर तासाभराची पायवाट होती. मध्ये एक ओढा आणि एक खिंड. नाचणी दळून झाली की लेकरू काखेला मारून ती दुपारी आईकडे जायची आणि दिवेलागणीला परत यायची.

आम्ही खोरं सोडलं ते आणीबाणी उठल्यानंतरच्या दुसऱ्या दिवाळीच्या आधी, म्हणजे १९७८ साली. मी नऊ वर्षांचा होतो. तेव्हा महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा १९७६ चा कायदा नुकताच झाला होता. त्यामागची कल्पना अशी की ज्यांची जमीन धरणात जाते त्यांना धरणाच्या लाभक्षेत्रात, म्हणजे कालव्याचं पाणी जिथे पोचतं तिथे, जमीन द्यायची. कल्पना न्यायाची होती. १९२१ साली मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापट आणि मावळ्यांनी सत्याग्रह केला तेव्हा असा कायदाच नव्हता. खडकवासल्याहून निघणारा नवा मुठा उजवा कालवा हवेली, दौंड करत इंदापूरपर्यंत जातो. त्यामुळे डोंगरातली कितीतरी माणसं दौंड तालुक्याच्या सपाटीवर येऊन पडली. आम्ही त्यातलेच.

कायद्यानं काय काय मोजलं ते बघण्यासारखं आहे. जमीन मोजली. घर मोजलं. आंब्याची झाडं मोजली, हिरड्याची मोजली. खातेदार कोण ते लिहिलं, म्हणजे आमचे आजोबा आणि वडील. कुटुंबात माणसं किती ते लिहिलं, त्या आकड्यात आई होती. ज्या कातकऱ्यांच्या नावावर खातंच नव्हतं ते त्या कागदात कुठे असणार? आणि ज्या गोष्टीचा तक्ताच नव्हता ती म्हणजे माहेर.

माझ्या वडिलांचं गाव बुडालं, पण त्यांची भावकी बरीचशी एका वस्तीवर आली. बायकांचं तसं झालं नाही. आईचं माहेरही त्याच पाण्यात गेलं. माहेरच्यांनी सरकारी जमिनीची वाट बघण्यापेक्षा मोबदल्याच्या पैशातून शिरूर तालुक्यात थोडी जिरायत जमीन घेतली, आजोबांच्या नावावर. दौंड आणि शिरूर नकाशात शेजारी आहेत, मध्ये फक्त भीमा. पण तासाभराच्या पायवाटेचा आता चौफुला, पारगाव, न्हावरा असा रस्ता झाला. एसटीला पैसे लागायचे, पैसे वडिलांच्या खिशात असायचे, आणि विचारल्याशिवाय निघता यायचं नाही. पहिल्या वर्षी आई एकदाच माहेरी गेली, नागपंचमीला. वस्तीवरच्या प्रत्येक बाईची हीच गोष्ट होती. कुणाचं माहेर हवेलीत, कुणाचं पुण्यात हमाली करायला गेलेलं.

नवा मुलूखही तिला शिकावा लागला. तिकडे वर्षाला दोन-तीन हजार मिलिमीटर पाऊस, इथे पाचशेच्या आतबाहेर. भाताच्या जागी ज्वारी आणि बाजरी. सरपण नाही, मग तुरकाट्या आणि गोवऱ्या. भारंगीच्या जागी पाथरी आणि घोळ. ह्या भाज्या तिला ओळखायला शिकवल्या त्या शेजारच्या शेतातल्या एका म्हातारीनं. गावात आमच्याबद्दल राग होता, कारण जास्त जमीन असलेल्यांची काही जमीन काढून ती धरणग्रस्तांना द्यायची होती. त्या म्हातारीच्या घरचीही गेली होती. तरी ती आईला बांधावरून हाक मारायची. तिनं ७२ च्या दुष्काळात खडी फोडली होती आणि सुकडी खाऊन पोरं जगवली होती. "तुमचं पाण्यानं गेलं, आमचं पाण्यावाचून" असं ती म्हणाल्याचं आई सांगायची. दोघींची जी गट्टी जमली ती शेवटपर्यंत टिकली.

त्या दुष्काळातूनच रोजगार हमीचा कायदा निघाला. १९७७ साली मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. आमच्या जमिनीचा ताबा मिळायला आणि पाटाचं पाणी यायला वेळ लागला, तोवर आई त्या म्हातारीच्या सुनेबरोबर नालाबांधाच्या कामावर जायची. तिथे मस्टर असतं. मस्टरवर प्रत्येक मजुराचं नाव वेगळं लिहितात, खातेदाराचं कुटुंब म्हणून आकडा लिहून चालत नाही. माझ्या माहितीप्रमाणे आईचं नाव, तिचं स्वतःचं नाव, कागदावर पहिल्यांदा उमटलं ते त्या मस्टरवर. वय साधारण एकोणतीस. पुढे अंगठा.

आता तिच्या जात्याबद्दल. खोरं सोडताना ट्रकमध्ये जागा कमी होती. वडील म्हणाले, तिकडे गिरणी आहे, दगड कशाला? आई ऐकेना. ते जातं तिच्या आईचं होतं, माहेरचं घर मोडताना तिनं मागून घेतलेलं. त्यामुळे ते आमच्याबरोबर आलं. गिरणी खरोखरच होती, पण दळणाला पैसे नसायचे, म्हणून पुढची पाच-सहा वर्षं जातं चाललं. पहाटे तिचा आवाज ऐकत मी झोपलेलो असायचो.

मावळातल्या बायकांच्या ओव्यांत भाऊ मुऱ्हाळी म्हणून येतो आणि वाटेत भरलेली नदी आडवी येते, हा नेहमीचा विषय. आईच्या ओव्यांतही होता. खूप वर्षांनी, धाकटीबरोबर बसून तिच्या ओव्या लिहून घेताना एक गोष्ट लक्षात आली. काही ओव्यांत भावाच्या वाटेवर मोसे आडवी येत होती आणि काहींत भीमा. मी विचारलं, असं का? तिलाही सांगता येईना. म्हणाली, "भाऊ जिकडून यील ती नदी म्हणायची." बाकीचे शब्द तेच होते. फक्त नदी बदलली होती. आमच्या कुटुंबाच्या स्थलांतराचा याहून चोख पुरावा मला कुठल्या कचेरीत मिळालेला नाही.

हे मी भावुक होऊन लिहीत नाहीये. पुण्यात गी पॉयतवां आणि हेमा राईरकर या दोघांनी हे काम फार आधी ओळखलं होतं. मुळशी-मावळच्या डोंगरी भागात गरीब डोंगरी संघटनेचं काम करताना बायका स्वतःबद्दल काय बोलतात ते त्यांना ओव्यांत सापडलं. पुढे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, विषयवार लावल्या, ध्वनिमुद्रित केल्या. पॉयतवां २००४ साली गेले. २०१७ पासून 'पारी'वर त्या ओव्या आवाजासकट ऐकायला मिळू लागल्या. जरूर ऐका. ज्या बाईनं आयुष्यात सही केली नाही, तिनं इतिहास कसा सांगितला ते तिथे कळतं.

पाण्याचं काय झालं तेही सांगायला हवं. कालव्याला आवर्तन सुटलं की आई पाटावर जाऊन उभी राहायची आणि म्हणायची, "आपल्याकडचं पाणी आलं." ते अक्षरशः खरं होतं. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी साठतं. त्यावर पुणं पितं आणि त्यातूनच दौंड-इंदापूरची शेती भिजते. पुणं वाढत गेलं तशी आवर्तनावरून ओढाताण वाढली. वर्तमानपत्रात ती 'शहर विरुद्ध शेतकरी' अशी छापून येते. त्या भांडणात तिसरा कोणी आहे हे फारसं कुणाला आठवत नाही.

मे महिन्यात वरसगावचं पाणी उतरतं तेव्हा जुन्या गावाची जोती उघडी पडतात. २००६ च्या उन्हाळ्यात आम्ही आईला घेऊन गेलो. समोरच्या डोंगरावर लवासाचं बांधकाम चाललं होतं. तिनं तिकडे जरा वेळ बघितलं आणि वाळलेल्या गाळातून चालत सुटली. सासरचं घर तिनं ओलांडलं, थांबली नाही. माहेरचं जोतं तिला सापडलं नाही, तिथे अजून पाणी होतं. ती काठावर बसली. आम्ही भाकरी खाल्ली आणि परत निघालो.

शेवटची गोष्ट कागदाचीच आहे, आणि नातेवाईकांपैकी काहींना ती आवडणार नाही. शिरूरच्या जमिनीचे आजोबांनंतर वारस लागले, त्यात आईचंही नाव लागलं. मुलीला वाटा देणारा हिंदू वारसा कायदा १९५६ चा, २००५ साली तो आणखी पक्का झाला. पण गावोगाव जे होतं तेच झालं. आईनं हक्कसोड पत्र करून दिलं. मी तिला म्हटलं होतं, करू नकोस. ती म्हणाली, "एक माहेर पाण्यात गेलं. आता हे बी घालवू का?" भावानं तिच्यावर जबरदस्ती केली नव्हती. दिवाळीला बोलावणं चालू राहावं म्हणून बायका हा व्यवहार स्वतःहूनच करतात, आणि तिची किंमत तिला माहीत होती.

ती गेल्यावर कागद चाळताना माझ्या लक्षात आलं. मस्टर कधीच नष्ट झालं असणार. रेशनकार्डावर ती वडिलांची बायको. सातबारावर वडिलांनंतर विधवा म्हणून लागलेली. ती आपल्या आईबापाची मुलगी होती, तिचं माहेरचं नाव काय होतं, हे फक्त एका कागदावर लिहिलेलं आहे. हक्कसोड पत्रावर.

महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर स्वतःच्या नावानंतर आईचं नाव आणि मग वडिलांचं नाव लिहायचं ठरलं आहे. माझ्या नातीच्या दाखल्यावर ते आलंय. चांगलं झालं. पण आईच्या आईचं नाव, तिच्या माहेरचं गाव, ह्यासाठी अजून रकाना नाही. तो आपणच आखायचा.

तेव्हा वस्तीवरच्या आणि शिरूरकडच्या मंडळींना एक विनंती. तुमच्या घरात जी सगळ्यात जुनी बाई असेल तिच्याजवळ बसा आणि तीन गोष्टी लिहून घ्या: तिच्या आईचं नाव, माहेरच्या वाडीचं नाव, आणि तिथून सासरी यायची वाट कुठून होती ते. जमिनीचं विचारू नका, ते कागदावर आहे. आईच्या अडतीस ओव्या आमच्या वहीत आहेत. धाकटीला अजून दोन-तीन अर्ध्या आठवतात. कुणाला पुऱ्या येत असतील तर कळवा.