फुटबॉलच्या जमिनीची कुळकथा

पाचगणीचे टेबललँड हे जांभ्या दगडाचे पठार आहे. दख्खनच्या काळ्या बेसाल्टवर उष्ण आणि दमट हवामानाचा दीर्घकाळ परिणाम होऊन त्यातील सिलिका पाण्याबरोबर वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे उरली, आणि त्यांचेच कठीण, तांबूस, सच्छिद्र कवच डोंगराच्या माथ्यावर तयार झाले. या खडकाला फ्रान्सिस बुकानन याने १८०७ मध्ये केरळातील अंगाडिपुरमच्या निरीक्षणावरून शास्त्रीय नाव दिले. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर एवढी सपाट जागा निसर्गाने आयती दिलेली असल्यामुळे, एकोणिसाव्या शतकात जॉन चेसन याने वसवलेल्या आणि पुढे निवासी शाळांचे गाव म्हणून ओळखल्या गेलेल्या या गिरिस्थानाकडे पाहताना, मैदान म्हणजे सपाट जमीन असा समज सहज होतो. पण जांभ्यावर मातीचा थर फार पातळ असतो. पावसाळ्यात त्यावर गवत उगवते आणि खोलगट भागांत पाणी साचते, हिवाळ्यात गवत वाळते, आणि उन्हाळ्यात बारीक खड्यांची तांबडी जमीन उघडी पडते, म्हणजे एकाच जागी वर्षभरात तीन निरनिराळ्या जमिनी असतात. फुटबॉलच्या मैदानाचा इतिहास हा बदल काबूत आणण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे, आणि ज्यांनी तो प्रयत्न केवळ पृष्ठभागावर केला त्यांना त्यात क्वचितच यश आले.

या खेळाचे नियम प्रथम लिहिले गेले तेव्हा जमिनीचा विचार त्यांत नव्हता. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने १८६३ मध्ये केलेल्या नियमांतील पहिलाच नियम मैदानाविषयी आहे, परंतु तो लांबी जास्तीत जास्त २०० यार्ड आणि रुंदी १०० यार्ड अशी मापे आणि खुणा सांगूनच थांबतो. गवत कसे असावे, जमीन किती कठीण असावी, पाणी कोठे जावे याबद्दल त्यात एक शब्दही नाही. इंग्लंडच्या सौम्य, भुरभुर पावसाच्या हवामानात गवताची कुरणे सर्वत्र होती, आणि ग्लॉस्टरशर परगण्यातील एडविन बडिंग याने १८३० मध्ये गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतल्यापासून विळ्याशिवाय किंवा मेंढ्यांशिवाय ती कुरणे आखूड राखणेही शक्य झाले होते. जमीन हे गृहीतच होते. हेच गृहीत खेळाबरोबर जहाजात बसून भारतात आले, आणि येथील मोसमी पाऊस, काळी माती, मुरूम आणि जांभा यांच्याशी त्याची गाठ पडली.

मुंबईत १८९१ मध्ये रोव्हर्स चषकाची स्पर्धा सुरू झाली आणि कूपरेजचे मैदान पुढे तिचे घर बनले. लष्करी पलटणींचे खेळाडू बूट घालून खेळत आणि अनेक भारतीय खेळाडू अनवाणी खेळत. या अनवाणी खेळाची कथा बहुधा शौर्याची कथा म्हणून सांगितली जाते, आणि १९११ मध्ये मोहन बागानने आयएफए शील्ड जिंकली ते शौर्य खरेच होते. परंतु तिच्यात जमिनीचा वाटाही मोठा आहे. कोरड्या, टणक जमिनीवर उघड्या पायाला चेंडूचा स्पर्श चांगला कळतो आणि पकडही पुरेशी मिळते, तर ओल्या, निसरड्या जमिनीवर तळाशी खिळे असलेला बूट जे करतो ते तळपाय करू शकत नाही. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बहुतांश अनवाणी खेळणाऱ्या भारतीय संघाने फ्रान्सकडून २–१ असा निसटता पराभव पत्करला, पण १९५२ मध्ये हेलसिंकीला थंड हवेत युगोस्लाव्हियाने त्याच भारताला १०–१ असे हरवले, आणि त्यानंतर भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. दोनच वर्षांनी बर्न येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाऊस पडत असताना पश्चिम जर्मनीचा संघ आडी डासलर याने बनवलेले, खिळे बदलता येणारे बूट घालून खेळला आणि बलाढ्य हंगेरीवर ३–२ असा विजय मिळवून गेला. जमीन बदलता येत नसेल तर पाय बदलावा, हा त्या काळचा उपाय होता.

हेलसिंकीच्या त्याच ऑलिंपिकमध्ये सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले, आणि स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. त्यांची कहाणीही मुळात जमिनीचीच आहे. तांबड्या मातीत घडलेल्या या मल्लाला १९४८ मध्ये लंडनला मॅटवर, म्हणजे गादीवर, लढावे लागले आणि तेथे ते सहावे आले. नव्या पृष्ठभागाची सवय करून घेतल्यानंतर चार वर्षांनी त्यांनी पदक आणले. सातारा, सांगली आणि कोल्हापूर या पट्ट्यात पृष्ठभाग खेळाडूला घडवतो ही जाणीव फुटबॉलच्या कितीतरी आधीपासून होती. तालमीतील हौदाची माती कोठूनही उचलून टाकलेली नसते. ती चाळून तिच्यातील खडे काढले जातात, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर अशी द्रव्ये मिसळली जातात, सरावाआधी ती खणून भुसभुशीत केली जाते आणि तिचा ओलावा राखला जातो, कारण पाठीवर आपटणारा मल्ल दुखापतीविना उठला पाहिजे, त्याच्या अंगावर खरचटले तरी ते चिघळू नये आणि पायाला पकडही मिळाली पाहिजे. धक्का शोषणे, घर्षण मर्यादित ठेवणे आणि जखम स्वच्छ राहणे या तीन गोष्टी आज क्रीडा-अभियांत्रिकी प्रयोगशाळेत मोजते. वस्ताद त्या हाताने मातीची मूठ वळून पाहत आले. याच प्रदेशात हे ज्ञान हौदाच्या चार भिंतींत राहिले आणि फुटबॉलच्या मैदानापर्यंत गेले नाही, ही खेदाची बाब आहे. कोल्हापुरात तर फुटबॉलचे अनेक संघ तालमींच्याच नावाने खेळतात, त्यामुळे ही दरी अधिकच खटकते.

मैदानावर जे झाले ते वेगळे होते. एकच जागा क्रिकेटला, फुटबॉलला, कबड्डीला, कवायतीला, सभेला आणि जत्रेला दिली गेली, आणि तिची निगा म्हणजे मुरूम पसरून पाणी मारणे आणि रोलर फिरवणे असे ठरून गेले. क्रिकेटच्या खेळपट्टीला रोलर हवाच असतो, कारण तेथे चेंडू उसळायला दाबलेली, घट्ट माती लागते. फुटबॉलला नेमके उलटे हवे असते. वारंवार दाबलेल्या जमिनीतील हवेच्या पोकळ्या मिटतात, गवताची मुळे खाली उतरू शकत नाहीत, पावसाचे पाणी आत मुरत नाही, आणि धावणाऱ्या खेळाडूच्या प्रत्येक पावलाचा धक्का जमिनीने शोषून न घेतल्यामुळे तो घोट्यात, नडगीत आणि गुडघ्यात परत येतो.

सह्याद्रीच्या माथ्यावरून कृष्णेच्या काठाने खाली सांगलीकडे येताना या समस्येची दोन टोके दिसतात. वर जांभा आणि मुरूम आहे: तेथे जमीन कठीण असते, पडणाऱ्या खेळाडूचे गुडघे आणि कोपरे खड्यांवर फाटतात, आणि डोंगरउतार एका बाजूने खणून दुसऱ्या बाजूला भराव टाकून मैदान केले असेल तर खणलेला भाग टणक राहतो आणि भरावाचा भाग खचत जातो, त्यामुळे एकाच धावेत पायाखाली दोन प्रकारची जमीन येते. खाली काळी माती आहे: तिच्यातील चिकणमातीचे सूक्ष्म कण पाणी शोषून फुगतात आणि वाळताना आकसतात, म्हणून पावसाळ्यात ती बूट गिळणारा चिखल होते आणि उन्हाळ्यात तिला टाच अडकेल अशा भेगा पडतात. शेतकऱ्याला सोन्यासारखी वाटणारी ही माती फुटबॉलपटूला मात्र घातक असते. दोन्ही ठिकाणी दोष वेगळे दिसले तरी एक कारण समान आहे: खेळाच्या थरात पाण्याला ठराविक वाट नाही.

ही वाट बांधून काढणे हा विसाव्या शतकाचा शोध होय. त्यासाठी मूळ जमीन खणून तळाशी छिद्रे असलेल्या नळ्यांचे जाळे घालतात, त्यावर खडीचा थर देतात आणि त्यावर सुमारे ३० सेंटिमीटर जाडीची, ठराविक आकाराच्या कणांची वाळू पसरतात. पावसाचे पाणी वाळूतून उतरते, खडीत पोचते आणि नळ्यांतून बाहेर जाते, तर वाळूचे कण चिकणमातीप्रमाणे फुगत किंवा घट्ट होत नसल्यामुळे मुळांना हवा मिळत राहते. अशा मैदानावर माती जवळजवळ नसतेच, म्हणून गवताला खत आणि पाणी वेळापत्रकाने द्यावे लागते. इंग्लंडमध्ये यॉर्कशरमधील बिंगली येथे १९२९ मध्ये गवताच्या मैदानांवर संशोधन करणारी संस्था स्थापन झाली आणि तेव्हापासून मैदानाची निगा हे माळ्याच्या अनुभवाबरोबरच मृदाशास्त्राचेही काम बनले. उष्ण प्रदेशांत यावर जे गवत लावतात ते मराठी माणसाला परके नाही. शेतात जिला हरळी म्हणून उपटून टाकतात आणि गणपतीला जिच्या जुड्या वाहतात, ती दूर्वा हेच त्या गवताचे कूळ आहे. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील टिफ्टन येथे ग्लेन बर्टन यांनी तिचा आफ्रिकी जातीशी संकर करून दाट, आखूड कापणी सोसणारे वाण तयार केले आणि १९६० च्या सुमारास ते प्रसारात आणले. ही हरळी जमिनीलगत धावते, तिच्या पेऱ्यापेऱ्याला मुळे फुटतात, आणि बुटाच्या खिळ्याने उखडलेली जागा ती स्वतःच भरून काढते. तिला भरपूर ऊन लागते. उंच प्रेक्षागारांच्या सावलीत ती विरळ होते.

कृत्रिम गवताचा उगमही एका सदिच्छेत आहे. शहरातील मुलांना खेळायला जमीन उरत नाही या चिंतेतून फोर्ड फाउंडेशनच्या पाठबळावर अमेरिकेत प्रयोग झाले, १९६४ मध्ये प्रॉव्हिडन्स येथील मोझेस ब्राउन शाळेत मोन्सँटो कंपनीचे नायलॉनचे गवत बसवले गेले, आणि १९६६ मध्ये ह्यूस्टनच्या बंदिस्त ॲस्ट्रोडोममध्ये खरे गवत मेल्यावर तेच तेथे अंथरले जाऊन ॲस्ट्रोटर्फ या नावाने प्रसिद्ध झाले. लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सने १९८१ मध्ये इंग्लंडच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये कृत्रिम गवत आणले. त्या काळच्या वाळू भरलेल्या, आखूड धाग्यांच्या गालिच्यावर चेंडू अनैसर्गिक उसळत असे आणि घसरून चेंडू काढणाऱ्या खेळाडूची कातडी सोलून निघत असे. इंग्लंडमध्ये १९८८ मध्ये त्यावर बंदीचा निर्णय झाला आणि प्रेस्टन येथील शेवटचे असे मैदान १९९४ मध्ये उखडले गेले. पुढे लांब, मऊ धागे आणि त्यांत रबराचे कण अशी नवी पिढी आली, २००४ मध्ये खेळाच्या नियमांनी कृत्रिम पृष्ठभागाला मान्यता दिली, आणि त्याबरोबर या कुळकथेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट घडली: जमीन मोजली जाऊ लागली.

फिफाच्या कसोट्यांत वरच्या दर्जाच्या कृत्रिम मैदानाने पडणाऱ्या वजनाचा ६० ते ७० टक्के धक्का शोषावा लागतो, आणि खिळ्यांच्या चकतीला फिरवताना होणारा विरोध ३० ते ४५ न्यूटन-मीटर या मर्यादेत असावा लागतो. या दुसऱ्या कसोटीचा संबंध थेट गुडघ्याशी आहे: विरोध कमी असेल तर पाय घसरतो, फार जास्त असेल तर पाऊल जमिनीत रुतून राहते आणि वळणाऱ्या शरीराचा सारा पीळ एसीएल या गुडघ्याच्या आतील अस्थिबंधावर येतो. नैसर्गिक जमिनीसाठी ऑस्ट्रेलियाचे अभियंते बेडन क्लेग यांनी १९७० च्या दशकात रस्त्याच्या पायाची घट्टता तपासण्यासाठी बनवलेला हातोडा वापरतात. सव्वादोन किलोचे वजन ४५ सेंटिमीटरवरून सोडून ते किती झटकन थांबते यावरून कठीणपणा कळतो. स्वीडनचे यान एक्स्ट्रँड आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नव्या पिढीच्या कृत्रिम गवतावर एकूण दुखापतींचे प्रमाण वाढलेले आढळले नाही, मात्र घोटा मुरगळण्याचे प्रमाण जास्त दिसले. म्हणजे प्लास्टिक सरसकट घातक आहे असे म्हणता येत नाही. तरीही भर उन्हात त्याचा पृष्ठभाग खऱ्या गवतापेक्षा कितीतरी अधिक तापतो, आणि रबराच्या कणांचे सूक्ष्म प्लास्टिक माती-पाण्यात जाते म्हणून युरोपीय संघाने २०२३ च्या नियमानुसार २०३१ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी ठरवली आहे. २०१५ चा महिला विश्वचषक कॅनडात कृत्रिम गवतावर खेळवला जाण्याआधी नामांकित खेळाडूंनी त्याविरुद्ध कायदेशीर तक्रार केली होती, आणि पुरुषांच्या विश्वचषकाला कधीही न दिलेली जमीन स्त्रियांना का, हा त्यांचा प्रश्न पूर्णपणे न्याय्य होता.

भारतातही काटा पुन्हा गवताकडे झुकला. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममधील कृत्रिम गवत २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकासाठी काढून तेथे हरळी लावली गेली. त्याच स्पर्धेचे सामने नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमच्या गवतावर झाले आणि कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या स्पर्धेत भारताकडून खेळला. त्या पातळीला पोचण्याआधी महाराष्ट्रातील बहुतेक मुलांची सांधे घडण्याची वर्षे मुरमाच्या आणि दाबलेल्या मातीच्या मैदानांवर जातात, आणि जमिनीने केलेली इजा तेथे मुलाच्या नशिबाच्या किंवा निष्काळजीपणाच्या खाती जमा होते. म्हणून पाचगणीसारख्या शाळांच्या गावांत आणि सातारा-सांगलीच्या तालुक्यांत जे कोणी नवे मैदान करतील त्यांनी प्रेक्षकांसाठी पायऱ्या आणि कमानी बांधण्याआधी निचऱ्याच्या नळ्या, खडी आणि वाळू यांवर खर्च करावा. ते परवडत नसेल तर निदान खडे चाळून काढावेत, पाण्याला उतार आणि चर द्यावेत, फुटबॉलच्या भागावरून रोलर दूर ठेवावा, आणि पावसाळ्यात हरळी लावून ती रुजेपर्यंत मैदान बंद ठेवावे.